गॉस्नींचा चाकू कुणी विकला?

१

मिस्टर प्रिचर्डनं चाकू टेबलावर ठेवला तो नेमका पोर्क पायच्या बशीशेजारी, आणि डॉरीन गॉस्नीला पहिला राग आला तो त्याचाच. जिथं माणसं खातात तिथं पातं उघडं ठेवू नये, एवढंही नगरपालिकेच्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं.

"हा तुमचाच ना, मिसेस गॉस्नी?"

तिला चष्मा लावायची गरज नव्हती. लाकडी चमचे कोरायचा वाकडा चाकू, ॲशच्या लाकडाची मूठ, पात्याच्या बुडाशी सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेला शिक्का. शेफील्डात हातानं पाती घडवणारी घरं आता थोडीच उरली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाचं काम डॉरीन डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून ओळखायची.

"आमचाच. का? मोडला की काय?"

"मोडला असता तर बरं झालं असतं. हा काल शाळेत सापडला. पंधरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात."

कारखान्याच्या माडीवरच्या त्या स्वयंपाकघरात चौघं चहाला बसली होती. तिघींचे कप हवेत थांबले. डॉरीन स्वतः. तिची सून फिलिपा, कारखान्याची सगळी ऑनलाइन विक्री बघणारी. पार्सलं बांधणारी एनिड, डॉरीनची शाळेपासूनची मैत्रीण. शाळा दोघींनी एकाच वर्षी सोडली, फक्त एनिड थोडं वाचायला शिकून बाहेर पडली. आणि खिडकीपाशी बाकावर डॉरीनचा एकुलता मुलगा मार्टिन. दिवसभर चाकावर पाती घासायची आणि चहाच्या सुट्टीत काहीतरी कोरत बसायचं, ही त्याची जुनी खोड. शनिवारी सकाळी तो पार्कातल्या शेडमध्ये हौशी मंडळींनाही चमचे कोरायला शिकवायचा. आता तो एप्रन अडकवायची खुंटी कोरत होता, अंगठा मुठीत मुडपून, थेट बापासारखा. बापाच्या अंगठ्याचं टोक चाकानं खाल्लं होतं म्हणून तो बिचारा तसा धरायचा. पोरानं धडधाकट अंगठा असून तीच सवय उचलली. ते बघितलं की डॉरीनला नवरा समोर बसल्यासारखं वाटायचं.

"आणि या खोक्यात होता," प्रिचर्ड म्हणाला. त्यानं तपकिरी खोकं पुढं केलं. वर गॉस्नींचं नाव छापलेलं. "हे खोकं तुम्ही फक्त ऑनलाइनच्या मालाला वापरता, असं कळलं."

"बरोबर," फिलिपा म्हणाली. "समोर गिऱ्हाईक आलं तर आम्ही साध्या कागदात गुंडाळून देतो."

"मग हा ऑनलाइन गेला. अठराच्या आतल्या मुलीला."

"मुलीचं नाव सांगा."

"किर्स्टी बार्लो."

फिलिपा पलीकडच्या खोलीत गेली, कॉम्प्युटर बघून आली. "त्या नावानं काही गेलेलं नाही. त्या आडनावानंसुद्धा नाही."

"नाव दुसरं दिलं असेल. पोरं काही कमी नसतात." प्रिचर्डनं टोपी उचलली. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला हे काम आवडत नव्हतं आणि ते तो लपवत नव्हता. "मुलगी एकच सांगते. गॉस्नींकडून घेतला, चोरला नाही. पुढं दातखीळ. सोमवारी मला कागद पुढं पाठवावे लागतील. वय तपासायची जबाबदारी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यावर खटला होईल. तोवर ऑनलाइन विक्री बंद."

"नाव माझं आहे," फिलिपा म्हणाली. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

डॉरीनला आनंद झाला. आपल्याला आनंद झालेला नाही असं स्वतःला समजावण्यात तिनं वेळ घालवला नाही.

आता सापडलीस, ती मनात म्हणाली.

२

फिलिपा दक्षिण इंग्लंडकडची. बोलायची अशी, जणू तोंडात लिमलेटची गोळी आहे आणि ती बाहेर पडू द्यायची नाही. दहा वर्षांपूर्वी मार्टिननं तिला घरात आणलं तेव्हा तिला धार आणि पाठ यातला फरक कळत नव्हता. मग दुकानांनी माल घेणं सोडलं, शेजारचे दोन कारखाने बंद पडले, आणि या बाईनं गॉस्नींचे चाकू इंटरनेटवर चढवले. आता जपानहून, नॉर्वेहून पत्रं यायची. 'प्रिय फिलिपा.' सगळी 'प्रिय फिलिपा'. डॉरीनच्या नावानं काय यायचं, तर विजेचं बिल.

पुढं पाती विकायचे नियम कडक झाले, तर बाई त्यातही पुढं. वय तपासायची पद्धत तिनं अशी बसवली की लंडनहून आमंत्रण आलं, इतर छोट्या कारागिरांना समजावून सांगा म्हणून. स्थानिक पेपरात फोटो आला. दारापुढं मधोमध फिलिपा, मागं एनिड दात काढून हसतेय, कडेला कुणाचं तरी कोपर. डॉरीननं तो फोटो भिंग घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिला. ती स्वतः कुठंच नव्हती.

आणि इतकी हुशार बाई, पण या धंद्याची रीत म्हणून ठाऊक नाही! गेल्या नाताळात तिनं चर्चच्या पाद्रीबाईंना कांदे चिरायचा चाकू सरळ भेट देऊन टाकला. डॉरीन भर पावसात मागं धावत गेली आणि पाद्रीबाईंच्या पर्समधून एक पेनी मागून घेतली. पातं फुकट दिलं तर माया तुटते. देणाऱ्यानं नावाला तरी एक नाणं घ्यायचं, हे शेफील्डचं शेंबडं पोर जाणतं. फिलिपा पोट धरून हसली होती.

बघू आता कोण हसतं.

डॉरीननं त्याच संध्याकाळी तिला कॉम्प्युटरसमोर गाठलं.

"खरं सांग, राणी. विक्री वाढावी म्हणून एखाद्याला सोडलंस ना? एवढ्या पार्सलांत एखादं?"

"डॉरीन, सोडताच येत नाही. घेणाऱ्यानं आधी ओळखपत्र दाखवायचं. ते पटलं तरच पैसे घेतले जातात. मग खोक्यावर अठराचा लाल स्टिकर. मग कुरिअरवाला दारात पुन्हा ओळखपत्र बघतो. दोन कुलपं आहेत. एक मोडलं तरी दुसरं असतं."

"यंत्र आहे. चुकतं."

"मी माझ्या सख्ख्या वडिलांना पासपोर्ट दाखवायला लावला. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत."

डॉरीनला तो बाप न पाहताच आवडला.

"घाबरलीस का?"

फिलिपानं पडद्यावरची नजर काढली नाही. "ऑनलाइन बंद राहिलं तर नाताळपर्यंत कारखाना नसेल. हो, घाबरलेय." मग जरा थांबून, "तो प्रिचर्ड गेल्यापासून मार्टिन माझ्याशी धड बोलत नाहीये. त्यालाही वाटतंय का, की मीच चुकले?"

"मला काय विचारतेस? नवरा तुझा."

पण 'माझा' हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन परत गेला होता. डॉरीन जिना उतरताना विचार करत होती, दोन कुलपं. एक हिच्या हातात. दुसरं कुरिअरवाल्याच्या. त्याच्याकडून वदवून घ्यायचं की बाईच त्याला घाई करत होती.

३

कुरिअरवाला लुबोश स्लोव्हाकियाचा. दाराएवढा माणूस, आवाज मात्र मांजराचा. अंगणात गाडी लावून तो रिकाम्या हातानं उभा होता. आज न्यायला काहीच नव्हतं.

"राजा, एक विचारू? घाईगडबडीत कधी लहान पोराच्या हातात पार्सल ठेवलंयस? तिनं कधी म्हटलं, जाऊ दे, देऊन टाक?"

लुबोशनं तिच्याकडं दुःखानं पाहिलं. "मिसेस गॉस्नी, मी तुम्हाला दिलं होतं का?"

एनिड आतून फिसकन हसली.

ती कहाणी सगळ्या गल्लीला पाठ होती. वसंतात फिलिपानं पद्धत तपासायला डॉरीनच्याच घरी एक चाकू पाठवला. लुबोश दारात उभा. जन्मतारीख दिसेल असं काही दाखवा म्हणाला.

"माझं तोंड दाखवतेय ना! त्याच्यावर तारीख वाचता येत नाही तुला?"

"पासपोर्ट, नाहीतर गाडीचा परवाना, मिसेस गॉस्नी."

डॉरीननं आयुष्यात ना गाडी चालवली ना समुद्र ओलांडला. तिनं बसचा पास काढला. "हा पास म्हाताऱ्यांनाच देतात, राजा. सरकारनं लिहून दिलंय मी म्हातारी आहे म्हणून."

"यादीत नाही." आणि तो गॉस्नींच्या कारखान्याचा चाकू, गॉस्नींच्या मालकिणीच्या दारातून, परत घेऊन गेला होता.

"तुम्हाला दिला नाही," लुबोश आता म्हणाला, "तर पंधरा वर्षांच्या पोरीला देईन?"

डॉरीन तणतणत आत गेली.

एनिड बांधायच्या टेबलाशी हातांची घडी घालून बसली होती, फिलिपानं तिच्यासाठी आणलेल्या पाठ टेकायच्या नव्या खुर्चीत. त्या खुर्चीकडं बघणंही डॉरीननं सोडलं होतं. पन्नास वर्षं एनिड स्टुलावर बसली, तेव्हा तिची पाठ कधी दुखली नव्हती.

"स्टिकर लावायला विसरलीस का गं तू?"

"माझ्या हातून स्टिकरशिवाय खोकं गेलं तर मला त्याच खोक्यात घालून पुरा."

"मग प्रिचर्डच्या खोक्यावर तो नव्हता कसा? पोरीनं ओढून काढला असेल."

"तो डिंक कसला आहे माहितीये? ओढला तर खोक्याचा वरचा कागद सोलून येतो. मी मुद्दाम उलटंपालटं करून बघितलं, साधा ओरखडा नाही. पत्त्याची चिठ्ठीही कधी लागलेली नाही त्याला." एनिडनं आवाज खाली आणला. "ते खोकं पार्सल म्हणून गेलंच नाही, डॉरीन. जिन्याखाली रास पडलेली असते. कुणीतरी एक उचललं, चाकू आत घातला आणि हातानं हातात दिला."

"कुणीतरी?"

"येता-जाता कुणीही उचलतं. परवा तूच एकात बटाटे भरून घरी नेलेस."

डॉरीननं ते ऐकलंच नाही असं केलं. "म्हणजे हिनंच दिला असेल. गुपचूप. पोरीनं विनवण्या केल्या, बाई विरघळली—"

"ऐक." एनिडनं चष्मा काढला. "तू चोर शोधत नाहीयेस. तू फिलिपा शोधतेयस. आणि ती काही हरवलेली नाही."

चौकशीत असं तोंडावर बोलणारं माणूस डॉरीनला चालत नसे. ती कोट घालून निघाली. आता एकच तोंड उरलं होतं, आणि त्याची दातखीळ बसली होती.

४

किर्स्टी बार्लो मावशीच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानात मागच्या बाजूला बसली होती. शाळेनं घरी बसवलं होतं आणि मावशीनं बटाट्यांच्या पोत्यासमोर. लुकडी पोर, कपाळावर केस, नखं खाल्लेली.

"मी कुणाशी बोलणार नाहीये."

"नको बोलूस. मी बोलते. मी डॉरीन गॉस्नी. तुझ्या दप्तरात माझं नाव सापडलं."

पोरगी कानापर्यंत लाल झाली. डॉरीननं पोत्याशेजारची पेटी ओढून बूड टेकलं.

"शाळेत कशाला नेलास?"

"चमचा पुरा करायचा होता. मधल्या सुट्टीत."

"चाकू घेऊन शाळेत? मूर्ख आहेस."

"हो," किर्स्टी म्हणाली. "ते आता कळलं."

डॉरीनला ती आवडायला लागली, आणि त्यानं तिचा बेत जरा ढिला पडला. "कुणी दिला?"

"वचन दिलंय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर वचन कसलं?"

"अगं, तुझ्या वचनापायी एक बाई कोर्टात उभी राहणार आहे."

पोरीनं मान खाली घातली. डोळे भरले. डॉरीननं दुसरीकडून पातं लावलं.

"म्हणजे चोरलास. चोरणारे असंच गप्प बसतात."

"चोरला नाही!" किर्स्टी उसळून उठली. "मी पैसे दिले!"

"किती?"

"मागितले तेवढे."

"किती मागितले?"

पोरगी अडखळली. असं काहीतरी विचित्र सांगायचंय की कुणी विश्वास ठेवणार नाही, असा चेहरा करून म्हणाली, "एक पेनी. म्हणे, तसंच द्यायचं असतं. नाहीतर माया तुटते."

बाहेर तेलात मासा पडला, त्याचा चर्र आवाज झाला.

एक पेनी. इंटरनेट कुणाकडं एक पेनी मागत नाही. फिलिपा या रीतीला पोट धरून हसते. ती कशाला मागेल? लुबोशच्या कानावर ही रीत गेलेलीच नाही. ज्यानं हा चाकू दिला त्याला खोटेपणा करतानाही पातं फुकट देववलं नव्हतं. म्हणजे तो या धंद्यात जन्मलेला. कारखान्यात अशी माणसं तीन. एक ती स्वतः.

एनिड! खुर्ची मिळाली म्हणून गोडगोड बोलणारी एनिड! डॉरीनला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

किर्स्टीनं डोळे पुसले आणि हाताला काम हवं म्हणून सोललेला बटाटा उचलून छोट्या सुरीनं त्याचे डोळे काढायला लागली. पातं स्वतःकडं, कोपर बरगडीला चिकटलेलं. आणि अंगठा मुठीत मुडपलेला.

धडधाकट, पुरा अंगठा. ज्याचं टोक चाकानं खाल्लंय अशा माणसासारखा मुडपलेला.

"हे असं धरायला," डॉरीनचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, "कुणी शिकवलं तुला?"

किर्स्टीनं हाताकडं पाहिलं, आणि मग घाबरून सुरी खाली ठेवली.

५

मार्टिन चाकाशी एकटाच होता. तिला बघून त्यानं चाक थांबवलं.

"मी किर्स्टीकडून आले."

"तिनं सांगितलं?"

"नाही. तुझ्यापेक्षा चांगल्या रक्ताची आहे. तिच्या अंगठ्यानं सांगितलं."

तो बाकावर बसला. चाळीस उलटलेला माणूस, पण बसला तो शाळेच्या परीक्षेत नापास झाल्यावर बसला होता तसा.

"हात चांगला आहे तिचा, आई. शनिवारच्या वर्गात सगळ्यात चांगला. म्हटलं, द्यावा एक. भेट देणं गुन्हा नाही, विकणं गुन्हा आहे. मी नियम वाचलेत. बायकोनंच वाचायला दिले होते." तो कडवट हसला.

"आणि खोकं?"

मार्टिननं एप्रनला हात पुसले.

"तिला म्हटलं, वर्गात दाखव, फोटो टाक, गॉस्नींकडून आला म्हण, माझं नाव घेऊ नकोस. लोक म्हणाले असते, बघा, ही लंडनला शिकवायला निघालीय आणि हिचंच खोकं पोरीच्या हातात. बस, एवढंच. लंडनला जायच्या आधी जरा नाक खाली यावं. ती पोरगी शाळेत नेईल हे मला स्वप्नात तरी येणार होतं का?"

"का रे असं? बायको आहे ती तुझी."

"पेपरातला फोटो पाहिलास तू?"

"पाहिला की."

"मी कुठं होतो त्यात?"

डॉरीननं आठवून पाहिलं. फिलिपा. एनिडचे दात. आणि कडेला...

"ते कोपर तुझं?"

"पात्यावर माझा हात फिरतो. शिक्का माझ्या आजोबांचा. आणि दुकानात गेलो की म्हणतात, अरे, तू फिलिपाचा नवरा ना?"

साऱ्या शेफील्डची पाती ती डोळे मिटून ओळखायची, आणि पोटच्या पोराचं कोपर तिनं भिंगातून पाहूनही ओळखलं नव्हतं. भिंग घेऊन ती स्वतःला शोधत होती.

"सोमवारी सांग प्रिचर्डला."

"कशाला?" मार्टिननं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत तिला जे दिसलं ते तिनं रोज सकाळी आरशात पाहिलेलं होतं. "दंड होईल तिला, जास्त काही नाही. मग ती वैतागून जाईल आईकडं दक्षिणेत. कारखाना आपण पूर्वीसारखा चालवू, तू आणि मी. तुलाही हेच हवं होतं ना? दहा वर्षं या टेबलाशी दुसरं काय बोललीस तू?"

डॉरीननं कोटाची बटणं लावली आणि ती घरी निघाली.

६

रविवार तिनं घरी काढला. स्वयंपाक केला तो तसाच ठेवला.

सोमवारी प्रिचर्ड कागद घेऊन आला. फिलिपानं आपला चांगला निळा कोट घातला होता, केस नीट बांधले होते. एनिड रुमालात नाक खुपसून बसली होती. लुबोशसुद्धा जिन्यावर येऊन टोपी हातात धरून उभा. मार्टिन खिडकीपाशी, बाहेर बघत.

"सगळं माझ्या नावावर घ्या," फिलिपा पेन उचलून म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "कसं झालं ते मला माहीत नाही, पण पद्धत मी बसवली होती. कारखान्याचं नाव नको. मार्टिनचं नको. डॉरीनचं तर नकोच. त्यांनी हा शिक्का आयुष्यभर जपलाय."

एनिडनं हुंदका दिला. लुबोशनं डोळे पुसले. प्रिचर्डसुद्धा खाकरला. सगळ्यांच्या नजरा त्या निळ्या कोटावर, देवळात मेणबत्ती लावल्यासारख्या.

आणि डॉरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही! डॉरीनच्या स्वयंपाकघरात, डॉरीनच्या टेबलाशी उभी राहून ही बाई हुतात्मा होणार! गॉस्नींचं घर सुनेनं वाचवलं म्हणून गल्लीत सांगतील. मेल्यावरही सांगतील. छे. एवढं सगळं हिला द्यायचं? एवढं डॉरीनला झेपणार नव्हतं.

"पेन खाली ठेव," ती म्हणाली.

"डॉरीन, राहू द्या—"

"ठेव म्हणते ना! मिस्टर प्रिचर्ड, बसा. हा चाकू ऑनलाइन गेलाच नाही. खोक्यावर स्टिकर लागून निघाल्याची खूण नाही, एनिडला विचारा. हा माणूस," तिनं लुबोशकडं बोट केलं, "माझ्यासारख्या म्हातारीला ओळखपत्राशिवाय पार्सल देत नाही. तो पोरीला देणार नाही. आणि पोरीनं या चाकूचे किती पैसे दिले माहितीये? एक पेनी. माया तुटू नये म्हणून घ्यायची असते ती. ही दक्षिणेतली बाई तसलं काही मानत नाही. मानतो तो इथं, या चाकांच्या आवाजात वाढलेला. त्यानं पोरीला धरायला शिकवलं ते अंगठा मुडपून. या जगात तसा चाकू धरणारी दोनच माणसं होती. त्यातलं एक मी पुरलंय."

तिनं मार्टिनकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं झालं नसतं.

खिडकीपाशी बाक करकरला.

"मी दिला," मार्टिन म्हणाला. "फिलिपाला यातलं काही माहीत नव्हतं. पण मी विकला नाही. भेट दिला."

प्रिचर्डनं कपाळ चोळलं. "बदल्यात पेनी घेतलीत."

"ते पैसे नव्हेत हो. ती रीत आहे. आईनं लहानपणापासून—"

"कायदा किती घेतले ते विचारत नाही, मिस्टर गॉस्नी. घेतले की नाही, एवढंच."

"आणि नसती घेतली तर?" एनिडनं विचारलं.

"तर ती भेट होती. मी चहा पिऊन गेलो असतो." प्रिचर्डनं कागदावरचं नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. "सगळ्या प्रकरणात बेकायदा विक्री झाली ती ही एवढीच."

तो जाताना सांगून गेला की ऑनलाइनचा अडसर आज उठेल, शाळेशी तो स्वतः बोलेल, आणि मार्टिनला मात्र बोलावणं येईल. लुबोश त्याच्या मागोमाग पाय न वाजवता उतरला.

फिलिपा तशीच उभी होती. मग ती डॉरीनकडं वळली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी."

"आज सोमवार आहे."

"हो. मधला अख्खा रविवार मी विचार केला, तुला बुडवायचं की त्याला."

"आणि?"

"आणि तू निळा कोट घालून संतीण व्हायला निघालीस. ते मला बघवेना."

फिलिपाच्या नाकातून एक फुत्कार निघाला. हसू होतं की रडू, ते तिलाही ठरवता आलं नसावं. आभार मानेल असं डॉरीनला वाटलं होतं. मानले नाहीत. ती सरळ खिडकीपाशी गेली आणि बाकावर बसली, मार्टिनपासून हातभर लांब, पण त्याच बाकावर. तोंडात काही नसल्यासारखी, अगदी हळू, ती त्याला काहीतरी म्हणाली. मार्टिननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती आणखी काही म्हणाली. त्याचे खांदे हलायला लागले. मधलं हातभर अंतर कमी झालं.

"काय म्हणाली गं?" डॉरीननं कुजबुजत विचारलं.

"मला काय माहीत?" एनिड म्हणाली. "त्यांचं त्यांना."

"त्याला शिव्या देतेय का?"

"अगं, त्यांचं त्यांना!"

डॉरीन टेबलाशी उभी राहिली. किटली चढवली, उतरवली. तिकडून पुन्हा तो हळू आवाज आला. कारखाना तिचा, बाक तिच्या नवऱ्यानं केलेला, पोरगा तिचा, आणि त्याला तोंडघशी पाडलं तेही तिनंच. आणि आता तिच्याकडं बघायलाही कुणाला सवड नव्हती.

ती गेली, दोघांच्या पुढ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सरका जरा," ती म्हणाली.

मार्टिन हलला नाही. फिलिपा सरकली.